लाळेची नळी बंद करण्याआधी: घरगुती डीएनए चाचणी पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

न्यू जर्सीला बहिणीकडे राहायला गेले असताना भाचीच्या नावाने एक लहानसे खोके आले. आत लाळ जमा करायची प्लॅस्टिकची नळी, तिच्यावर बसणारे नरसाळ्यासारखे तोंड, बारकोडची चिठ्ठी आणि परत पाठवण्याचे पाकीट एवढेच होते. सूचनाही सोप्या होत्या. चाचणीआधी अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही, रेघेपर्यंत लाळ भरायची, झाकण दाबून बंद केले की त्यातले द्रव्य लाळेत उतरते, मग नळी हलवायची आणि पोस्टात टाकायची. भाचीला आपले पूर्वज मूळचे कोठले हे जाणून घ्यायचे होते, आणि ही इच्छा मला अगदी रास्त वाटते. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत पणजोबांच्या हातची नोंद पाहून ज्यांचे डोळे भरून आले, अशी माणसे आमच्याच घरात आहेत. तरीही ती नळी आम्ही त्या दिवशी उघडली नाही. आधी वाचले, पुण्याला फोन केले, संमतीपत्रे ओळ न ओळ पाहिली. त्यातून जे हाती लागले ते, पहिल्यांदाच अशी चाचणी करू पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून, क्रमाने मांडते. चाचणी करू नका असे मला सांगायचे नाही. मात्र जो विचार करायचा तो नळी बंद करण्याआधी करायचा आहे, कारण नंतर करता येण्यासारखे फार थोडे उरते.

पहिली पायरी: आपण नेमके काय देत आहोत ते समजून घ्या

मानवी डीएनएमध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. घरगुती चाचणीत ती सगळी वाचली जात नाहीत. माणसामाणसांत जेथे फरक आढळतो अशा साधारण सहा-सात लाख जागा एका चिपवर तपासल्या जातात. त्यावरून पूर्वजांच्या प्रदेशाचा अंदाज बांधला जातो. हा अंदाज म्हणजे कंपनीकडे असलेल्या इतर लोकांच्या नमुन्यांशी केलेली तुलना असते, त्यामुळे दोन कंपन्यांची उत्तरे वेगवेगळी येऊ शकतात आणि एकाच कंपनीचे उत्तरही काही वर्षांनी बदलते.

पण कंपनीकडे जाते ते या रंगीत नकाशापुरते नसते. तिच्याकडे तीन गोष्टी पोहोचतात: आपली लाळ, म्हणजे पुढे कधीही पुन्हा तपासता येईल असा नमुना, त्या लाखो जागांची संगणकीय नोंद, आणि आपण खात्यात स्वतःच्या हाताने भरलेली माहिती, म्हणजे नाव, जन्मवर्ष, गाव, आडनावे, प्रश्नावलीत सांगितलेले आजार. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बँकेचे कार्ड रद्द करता येते. डीएनए बदलून मिळत नाही.

ही नोंद उतरवून घेतली तर दिसते कशी, ते एकदा पाहण्यासारखे आहे. ती साधी मजकुराची फाइल असते. प्रत्येक ओळीत एका जागेचा क्रमांक, गुणसूत्राचा क्रमांक, त्यावरील स्थान आणि दोन अक्षरे असतात. लाखो ओळी एकसारख्या, कोणताही अर्थ न सांगणाऱ्या. पण त्यांतली आरएस४२९३५८ या क्रमांकाची, १९व्या गुणसूत्रावरची ओळ शोधली आणि तिच्या जोडीला आरएस७४१२ ही ओळ पाहिली, की एपीओई नावाच्या जनुकाचा प्रकार कळतो, आणि त्यावरून उतारवयातल्या अल्झायमरच्या विस्मरणाचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे का याचा अंदाज येतो. पूर्वजांचे गाव शोधायला दिलेल्या लाळेत ही माहितीही आपोआप गेलेली असते.

एवढीच ओळ लपवली तर? डीएनएच्या रचनेच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या जेम्स वॉटसन यांनी नेमके हेच केले होते. २००७ मध्ये त्यांचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांनी फक्त एपीओईची माहिती वगळायला सांगितली होती. पुढे संशोधकांनी दाखवून दिले की त्या जागेच्या आजूबाजूची अक्षरे पाहून वगळलेली माहिती ताडता येते, कारण शेजारशेजारचे तुकडे पिढ्यान् पिढ्या एकत्रच उतरत येतात. मग अधिक मोठा भाग काढून टाकावा लागला. ज्यांना या विषयातले सर्वांत जास्त कळत होते त्यांची ही गत, तर थोडेसे झाकून बाकीचे दिले म्हणजे भागले, या भरवशावर आपण राहू नये.

दुसरी पायरी: घरच्यांशी बोला

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची हीच आहे. सातबाऱ्यावर चार भावांची नावे असताना एकाने परस्पर जमीन लिहून द्यावी, तसा प्रकार येथे नकळत होतो. आपला अर्धा डीएनए आईचा, अर्धा वडिलांचा. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा डीएनए सारखा असतो. चुलत, आते, मामे आणि मावस भावंडांत सुमारे १२.५ टक्के, आणि ज्यांचे पणजोबा-पणजी एक, त्यांच्यात सुमारे ३ टक्के. आपण लाळ दिली की या सगळ्यांचा थोडा थोडा हिस्सा दिला जातो, आणि त्यांच्यापैकी कोणीही कोठेही सही केलेली नसते.

त्याचा परिणाम किती दूर जातो हे एप्रिल २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात जगाने पाहिले. १९७० आणि १९८०च्या दशकांत तेथे अनेक खून आणि बलात्कार करून निसटलेल्या जोसेफ जेम्स डीअँजेलो या माजी पोलिसाला तेव्हा अटक झाली. त्याने स्वतः कधी अशी चाचणी केलेली नव्हती. तपास करणाऱ्यांनी घटनास्थळावरचा डीएनए जेडमॅच नावाच्या, कोणीही आपली फाइल चढवू शकेल अशा संकेतस्थळावर टाकला, दूरचे नातेवाईक सापडले, त्यांच्यापासून वंशवृक्ष मागे आणि पुन्हा खाली उतरवत नेला आणि ते त्याच्या दारापर्यंत पोहोचले. असा गुन्हेगार सापडला हे चांगलेच झाले, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण ज्या वाटेने तो सापडला, त्याच वाटेने कोणालाही शोधता येते. नाव बदलून दूर गेलेली स्त्री असो, राजकीय आश्रय घेतलेला माणूस असो किंवा आपले बाळ दत्तक दिलेली आई असो. त्याच वर्षी 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या यानिव एर्लिख आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सुमारे १२.८ लाख लोकांच्या माहितीसंचाच्या आधारे असे दिसले, की युरोपीय वंशाच्या व्यक्तीचा शोध घेतला तर सुमारे ६० टक्के वेळा खापरपणजोबा सामायिक असलेला किंवा त्याहून जवळचा नातेवाईक सापडतो. आणि एखाद्या लोकसमूहातल्या जेमतेम २ टक्के लोकांनी चाचणी केली, तरी त्या समूहातल्या जवळपास प्रत्येकाचा असा एखादा नातेवाईक मिळू शकतो.

मराठी माणसे अशा संचांत अजून थोडी आहेत, म्हणून आज आपल्याला जवळच्या जुळण्या, म्हणजे आपल्याशी डीएनए जुळणारी माणसे, कमी दिसतात. पण यात निर्धास्त होण्यासारखे काही नाही. विशिष्ट पोटजातीतच लग्ने होत आलेल्या लहान समाजात २ टक्के म्हणजे फार मोठा आकडा नव्हे. शिवाय अमेरिकेत तपास करणाऱ्यांना जुन्या जनगणना आणि मृत्युलेख चाळून वंशवृक्ष उभा करावा लागतो. आपल्याकडे अनेक घराण्यांनी हे काम आधीच करून ठेवले आहे. कुलवृत्तांत उघडा: शाखा, पिढ्या, लेकी कोणत्या घरात दिल्या, कोण कोठे नोकरीला आहे, काहींत तर पत्तेसुद्धा. या ग्रंथांविषयी मला मनापासून आदर आहे. पण त्यांची स्कॅन केलेली पाने आता व्हॉट्सअॅपवर फिरतात, आणि डीएनएची एक जुळणी व अशी चार पाने शेजारी ठेवली तर माणूस ओळखायला दुपारही पुरेल. आपल्या नावाची घडणही तशीच आहे. मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे, म्हणजे खात्यावर पूर्ण नाव लिहिले की वंशवृक्षाची एक पायरी आपणच चढून दिली.

आपल्या समाजापुरती आणखी एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे, आणि तिच्यात लपवण्यासारखे काही नाही. मात्र आई-वडील नात्यातले असतील तर मुलांच्या डीएनएमध्ये दोन्हीकडून आलेले एकसारखे लांब पट्टे दिसतात, आणि काही साधने, उदाहरणार्थ जेडमॅचवरचे, 'तुमचे आई-वडील एकमेकांचे नातेवाईक आहेत का' हे सरळ सांगतात. अशा घराण्यांत दूरचा नातेवाईकही यंत्राला प्रत्यक्षापेक्षा जवळचा वाटू शकतो. जुळणीच्या यादीत कोणी तरी 'चुलत भावंड' म्हणून दिसले की लगेच कोणाच्या चारित्र्याविषयी निष्कर्ष काढू नये, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन.

खरोखरच दडलेले काही बाहेर येण्याची शक्यताही असतेच. वडील जैविक वडील नसणे, घरात कोणालाच ठाऊक नसलेले सावत्र भावंड, दात्याच्या बीजाने झालेले मूल, कधी काळी दत्तक दिलेले बाळ. पुण्या-मुंबईच्या संस्थांतून स्वीडन, नेदरलँड्स, अमेरिका अशा देशांत दत्तक गेलेली मुले आता मोठी झाली आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींसाठी ही चाचणी म्हणजे आपल्या माणसांपर्यंत जाणारा एकमेव धागा असतो. त्यांची ओढ मी समजू शकते. पण भारतातील दत्तकविधानाच्या नियमांत मूळ शोधण्याचा हक्क देताना जन्मदात्यांच्या खासगीपणाचाही विचार केलेला आहे, तर डीएनएची जुळणी असे काही विचारत नाही. ती पडद्यावर नाव दाखवून मोकळी होते.

म्हणून आई-वडील, सख्खी भावंडे आणि हयात असतील तर आजी-आजोबा यांना आधी विचारा, आणि 'चाचणी करू का' असे मोघम विचारू नका. मी हे करणार आहे, यातून तुमच्याविषयीही काही कळू शकते, नको असलेले काही समोर आले तर तुम्हाला सांगू की नको, असे स्पष्ट विचारा. आमच्या ८१ वर्षांच्या मावशीला फोन केला तेव्हा तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "माझं नाव येईल का गं त्यात?" नाव येणार नाही, असे मी सांगितले, पण नातीचा आणि तुझा साधारण आठवा हिस्सा सारखा असतो, तेवढी तू त्यात असशीलच, हेही सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग मला विचारलंस ते बरं केलंस."

१८ वर्षांखालील मुलांची चाचणी वंश जाणण्याच्या हौसेपोटी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे तिचे परिणाम त्यांना आयुष्यभर वागवावे लागणार आहेत. निर्णय त्यांचा त्यांनी घ्यावा.

तिसरी पायरी: कंपनीचे धोरण वाचा, आणि कंपनी उद्या कोणाची असेल याचाही विचार करा

ट्वेंटीथ्री अँड मी ही या धंद्यातली सर्वांत गाजलेली अमेरिकी कंपनी. २००६ मध्ये स्थापन झाली, आणि सुमारे दीड कोटी ग्राहकांची माहिती तिच्याकडे जमली. २०१८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषध कंपनीने तिच्यात ३० कोटी डॉलर गुंतवले, कारण किट विकून मिळणाऱ्या पैशापेक्षा जमलेली जनुकीय माहिती औषधसंशोधनासाठी अधिक मोलाची होती. मार्च २०२५ मध्ये याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्जबाजारी कारखान्याची यंत्रे लिलावात निघावीत तशी लोकांच्या डीएनएची माहिती विक्रीला आली. कॅलिफोर्नियाच्या महान्यायवादींनी तर अर्जाच्या दोनच दिवस आधी, आपली माहिती काढून टाकण्याचा हक्क वापरा असे जाहीर आवाहन केले होते. रिजेनेरॉन या औषध कंपनीने आधी २५.६ कोटी डॉलरची बोली लावली. शेवटी कंपनीच्या सहसंस्थापक अ‍ॅन वोजिस्की यांच्या ना-नफा संस्थेने ३०.५ कोटी डॉलरला ती घेतली. जूनपर्यंत सुमारे १९ लाख ग्राहकांनी आपली माहिती काढून टाकण्याची विनंती केली होती.

येथे कोणाची लबाडी शोधण्याचे कारण नाही. ज्या कंपनीवर विश्वास ठेवून लाळ दिली तीच कंपनी दहा वर्षांनी त्याच हातांत असेल असे गृहीत धरता येत नाही, एवढे मात्र यातून उघड होते. अ‍ॅन्सेस्ट्री ही दुसरी मोठी कंपनीही २०२० मध्ये ब्लॅकस्टोन या गुंतवणूक संस्थेने ४७० कोटी डॉलरला विकत घेतली.

खासगीपणाचे धोरण लांबलचक असते आणि ते संपूर्ण वाचायला कोणाला सवड नसते, हे खरे. निदान चार ठिकाणे शोधून वाचा. कंपनी विकली गेल्यास किंवा बुडाल्यास माहितीचे काय होईल. पोलिसांनी किंवा न्यायालयाने मागितल्यास ती कशी व केव्हा दिली जाईल. संशोधनासाठी बाहेर कोणाला, आणि एकत्रित आकड्यांत की व्यक्तिगणिक, दिली जाईल. आणि लाळेचा नमुना किती वर्षे ठेवला जाईल. पोलिसांच्या बाबतीत कंपन्यांची धोरणे एकसारखी नाहीत. फॅमिलीट्रीडीएनए ही ह्यूस्टनची कंपनी एफबीआयला सहकार्य करत असल्याचे ग्राहकांना २०१९च्या सुरुवातीला बातम्यांतून कळले, तर काही कंपन्या न्यायालयाच्या आदेशाशिवाय माहिती देत नाहीत.

चौथी पायरी: खाते उघडताना

यासाठी वेगळा ईमेल पत्ता काढा, जो इतर कोठेही वापरलेला नाही. नावाच्या जागी पूर्ण नाव न देता आद्याक्षरे चालत असतील तर तीच द्या. पासवर्ड या एका खात्यापुरताच आणि लांब असावा, आणि फोनवर किंवा अ‍ॅपवर येणाऱ्या क्रमांकाची दुसरी पडताळणी पहिल्याच दिवशी सुरू करावी.

हे नेहमीचेच सांगणे वाटेल, पण २०२३ मध्ये याच ठिकाणी घात झाला. चोरट्यांनी ट्वेंटीथ्री अँड मीची यंत्रणा फोडली नाही. इतर संकेतस्थळांवरून आधीच फुटलेले ईमेल आणि पासवर्ड त्यांनी येथे एकामागून एक लावून पाहिले, आणि ज्यांनी तोच पासवर्ड येथेही ठेवला होता अशा सुमारे १४,००० खात्यांत ते शिरले. मात्र नातेवाईक जुळवण्याची सोय, म्हणजे डीएनए जुळणाऱ्या इतर ग्राहकांची यादी दाखवणारी सोय, सुरू असल्यामुळे प्रत्येक खात्यातून त्याच्याशी जुळणाऱ्या शेकडो लोकांची माहिती दिसत होती, आणि अशा रीतीने सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. म्हणजे एका निष्काळजी पासवर्डामागे जवळजवळ ५०० माणसे, ज्यांच्यातल्या अनेकांचा स्वतःचा पासवर्ड अगदी भक्कम असेल. त्यात नावे, जन्मवर्षे, राहण्याची ठिकाणे आणि नात्याचे प्रमाण होते. पुढे अश्कनाझी (मूळच्या मध्य व पूर्व युरोपातल्या) ज्यू आणि चिनी वंशाच्या लोकांच्या वेगळ्या याद्या करून त्या विकायला ठेवल्या गेल्या. वंशावरून माणसांच्या याद्या केल्या गेल्या की काय होते हे ज्या समाजाने विसाव्या शतकात भोगले, त्याचीच यादी बाजारात आली, ही गोष्ट मला फार लागली. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी जून २०२५ मध्ये या प्रकरणी कंपनीला २३.१ लाख पौंडांचा दंड केला.

पाचवी पायरी: संमतीच्या पडद्यांवर थांबा

किटचा बारकोड नोंदवताना एकामागून एक पडदे येतात आणि प्रत्येकावर पुढे जाण्याचे मोठे बटण असते. भाचीबरोबर स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आम्ही ते पाहिले तेव्हा लक्षात आले, की एक संमती चाचणीसाठी आवश्यक असते, पण तिच्या जोडीने आलेल्या बाकीच्या ऐच्छिक असतात. उरलेला नमुना साठवून ठेवायचा की नष्ट करायचा, माहिती संशोधनात वापरू द्यायची का, आणि ती व्यक्तिगणिक इतर संस्थांना द्यायची का, हे तीन वेगळे प्रश्न होते. नकार दिला तरी पूर्वजांचा अहवाल मिळणारच होता; पण ते वाक्य लहान अक्षरांत, परिच्छेदाच्या शेवटी होते. भाचीचे बोट दोनदा बटणाकडे गेले आणि दोन्ही वेळा तिने स्वतःच ते मागे घेतले.

संशोधनाला संमती देणे वाईट आहे असे मी म्हणत नाही. दक्षिण आशियाई लोकांची माहिती जनुकीय संशोधनात कमी असल्यामुळे आपल्या आजारांवरचे काम मागे पडते, हे खरेच आहे, आणि कोणाला त्यासाठी आपला वाटा द्यावासा वाटला तर तो उदार विचार आहे. पण तो विचार करून दिलेला असावा, घाईत बटण दाबून नव्हे. आणि संमती पुढे मागे घेतली तरी पूर्ण झालेल्या संशोधनातून आपली माहिती परत काढता येत नाही, हे ठाऊक असताना दिलेला असावा. नाव काढून टाकलेली जनुकीय माहिती अनामिक राहतेच, असेही समजू नये.

सहावी पायरी: नातेवाईक जुळवण्याची सोय सुरुवातीला बंद ठेवा

अहवाल येईपर्यंत आणि आल्यावर काही आठवडे ही सोय बंदच असू द्या. ज्यांना नातेवाईक शोधायचेच आहेत त्यांनी ती नंतर सुरू करावी, तेव्हाही जन्मवर्ष, गाव आणि पूर्वजांची आडनावे हे रकाने रिकामे ठेवावेत. अनोळखी जुळणीकडून संदेश आला तर उत्तर देण्याची घाई करू नये. आणि आपण कोणाला लिहिणार असू तर पहिल्याच संदेशात 'आपण माझ्या काकांची मुलगी आहात' असे कधीही लिहू नये. पलीकडे ही गोष्ट कोणाला माहीत आहे आणि कोणाला नाही, हे आपल्याला ठाऊक नसते.

सातवी पायरी: फाइल उतरवून इकडेतिकडे चढवू नका

पहिल्या पायरीत सांगितलेली ती लाखो ओळींची फाइल एकदा संगणकावर आली की कंपनीचे धोरण तिला लागू राहत नाही. ती ईमेलने पाठवणे, सामायिक ड्राइव्हवर ठेवणे, आहार किंवा व्यायाम सुचवणाऱ्या फुकट संकेतस्थळांवर टाकणे हे सगळे टाळा. जेडमॅचसारख्या ठिकाणी ती चढवायचीच असेल तर तेथील परवानगी रोज आहे तशीच राहील असे धरून चालू नका: जुलै २०२० मध्ये तेथे घुसखोरी झाली, तेव्हा ज्यांनी पोलिसांच्या शोधाला नकार दिला होता त्यांचीही माहिती काही तास त्या शोधाला खुली झाली होती.

आठवी पायरी: कायदा कोठपर्यंत पाठीशी आहे ते पाहा

अमेरिकेत दवाखान्यातल्या माहितीला जे संरक्षण असते ते घरगुती चाचणीच्या कंपन्यांना सहसा लागू होत नाही. जनुकीय माहितीवरून आरोग्यविम्यात आणि नोकरीत भेदभाव करण्यास २००८च्या कायद्याने मनाई आहे. पण आयुर्विमा, अपंगत्वाचा विमा आणि म्हातारपणी दीर्घकाळ लागणाऱ्या शुश्रूषेचा विमा त्याच्या बाहेर आहेत. चाचणीनंतर विम्याच्या अर्जात विचारले तर खरेच सांगावे लागते, म्हणून असा विमा घेण्याचा विचार असेल तर तो चाचणीआधी घेणे शहाणपणाचे. कॅनडात २०१७चा कायदा अधिक व्यापक आहे. फ्रान्समध्ये तर हौसेखातर अशी चाचणी करणेच बेकायदा असून तसे करणाऱ्याला ३,७५० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. तेथील नातेवाइकाला किट भेट पाठवू नका.

भारतात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी मान्य केले, आणि वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. मात्र त्यात जनुकीय माहितीसाठी वेगळा, अधिक कडक वर्ग केलेला नाही. डीएनए तंत्रज्ञानाच्या वापराविषयीचे विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते, ते जुलै २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. परदेशी कंपनीला भारतातून नमुना पाठवणाऱ्याने तक्रार करण्याची वेळ आली तर कोणत्या देशाचा कायदा आणि कोणते न्यायालय, हे कराराच्या मजकुरात आधीच पाहून ठेवावे.

नववी पायरी: माहिती काढून टाकताना

ज्यांनी पूर्वीच चाचणी केली आहे आणि आता पस्तावा वाटतो आहे, त्यांच्यासाठी ही पायरी. फोनवरचे अ‍ॅप काढणे म्हणजे माहिती काढणे नव्हे. अहवाल आपल्याला दिसेनासा झाला तरी तो तेथेच असतो. आधी संशोधनाची संमती मागे घ्या. नंतर नमुना नष्ट करण्याची सूचना द्या. काही कंपन्यांत ती खात्याच्या सेटिंगमध्ये असते, काहींत ग्राहकसेवेला वेगळे कळवावे लागते. स्वतःजवळ प्रत हवी असेल तर ती या टप्प्यावर उतरवून, पासवर्ड लावून, इंटरनेटला न जोडलेल्या ड्राइव्हवर ठेवा. मग सेटिंगमधून माहिती कायमची काढून टाकण्याची विनंती करा. ट्वेंटीथ्री अँड मीमध्ये त्यानंतर ईमेलवर खात्री करण्याचा दुवा येतो, आणि तो दाबल्याशिवाय काहीच काढले जात नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी चाचणी केलेल्यांचा तो ईमेल पत्ताच बंद झालेला असतो, म्हणून आधी तो दुरुस्त करून घ्यावा.

एवढे करूनही प्रयोगशाळांवरील नियमांमुळे काही नोंदी, त्यांत जनुकीय माहिती, जन्मतारीख आणि लिंग यांचा समावेश होऊ शकतो, कंपनीकडे राहतात, असे याच कंपनीच्या धोरणात म्हटले आहे. विनंती केल्याचा दिनांक आणि आलेले उत्तर जपून ठेवा. कंपनी पुन्हा विकली गेली तर दाखवायला तेवढाच कागद आपल्या हाती असेल.

मग भावंडांना फोन करा. सख्ख्या भावाची किंवा बहिणीची चाचणी त्याच कंपनीत असेल तर आपला निम्मा डीएनए अजून तेथेच आहे, आणि त्यांची जुळणीची सोय, संशोधनाची संमती, पासवर्ड हे सगळे कोणत्या स्थितीत आहे हे त्यांच्याबरोबर बसून, वरच्या चौथ्या पायरीपासून, पुन्हा पाहावे लागेल.